सगळ्यांचं एकच पातेलं

हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात चहाला आलेल्या माणसापुढे मिठात मुरवलेल्या पाल्याच्या लोणच्याचा वाडगा ठेवला नाही, तर चहा झाला असं कुणी मानत नाही. बाहेर गुडघाभर बर्फ असतं, सफरचंदाच्या बागेत काम उरलेलं नसतं, आणि दुपार झाली की बायका एकमेकींच्या घरी जाऊन बसतात. खाली ऊब ठेवलेल्या बुटक्या टेबलाच्या रजईत पाय घालायचे, चहा प्यायचा, पाला चघळायचा आणि जगभरच्या गोष्टी करायच्या. वाडगा रिकामा होण्याआधीच घरची बाई तो पुन्हा भरते. पुरे म्हणणं म्हणजे तिच्या हाताला नाव ठेवणं. पन्नाशी ओलांडलेली धडधाकट माणसं आमच्याकडे एकाएकी कोसळायची, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्याचा दोष थंडीला देऊन लोक मोकळे व्हायचे. पाल्यावर आणि मिसोच्या, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खाऱ्या लगद्याच्या, सारावर कुणी संशय घेतला नव्हता.

मी सांगते ती गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची, आमच्या आळीतल्या कियोनोची. कियोनो सुगरण म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. तिचा पाला करकरीत, तिचा मिसो घरी केलेला, वर्षभर मुरवलेला, काळपट आणि झणझणीत खारा. लग्नकार्य असो की मयत, सार करायला बोलावणं कियोनोलाच जायचं, आणि मोठ्या पातेल्यात डाव फिरवताना तिच्या तोंडावर जो रुबाब असायचा, तो मी पाहिलेला आहे.

त्या वर्षी सफरचंदं उतरवताना तिच्या नवऱ्याच्या, योशिमात्सुच्या, हातातून टोपली निसटली. तो खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. पक्षाघाताचा झटका होता. इस्पितळातून घरी आला तेव्हा उजवा पाय ओढत होता आणि उजव्या हाताला जेवणाच्या काड्या धरता येत नव्हत्या. डॉक्टरांनी कियोनोला बाजूला घेऊन बजावलं होतं की जेवणातलं मीठ कमी करा, नाहीतर दुसरा झटका येईल, आणि दुसरा असा सोडून देत नाही.

कियोनोने ते अगदी मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी तिने एक लहान पातेलं वेगळं काढलं. त्यात नवऱ्याचं सार: मिसो नावापुरता, बाकी पाणी. मुळा उकडलेला, मासा उकडलेला, कशालाच काही लावलेलं नाही. मोठ्या पातेल्यात स्वतःसाठी, मुलगा तात्सुओ आणि सून साचिए यांच्यासाठी नेहमीचं. योशिमात्सुला चमच्याने खायला वेळ लागायचा, म्हणून त्याचं ताट आधी वाढलं जायचं. तो खिडकीशी एकटा बसून जेवायचा. त्याचं झालं की बाकीचे तिघं टेबलाशी बसायचे, आणि मोठ्या पातेल्याचं झाकण निघालं की वास घरभर जायचा.

योशिमात्सु तक्रार करणाऱ्यातला नव्हता. तो फक्त कमी जेवू लागला आणि कमी बोलू लागला. आजाराने माणूस असा होतो, अशी कियोनोने स्वतःची समजूत घातली. मग एक दिवस तो म्हणाला की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तर मी गेन्पेईकडे जाऊन येतो. गेन्पेई शेजारचा, लहानपणापासूनचा दोस्त. काठी टेकत टेकत तो रोज दुपारी जाऊ लागला. परत यायचा तेव्हा चेहरा जरा खुललेला असायचा. कियोनोला बरं वाटलं.

आमच्या गावात तेव्हा किताहारा नावाच्या परिचारिका घरोघरी फिरून आजाऱ्यांची चौकशी करायच्या. त्यांनी योशिमात्सुचा रक्तदाब तपासला, पुन्हा तपासला, आणि म्हणाल्या की इस्पितळातून सोडलं तेव्हापेक्षा हा वाढलाय. कियोनोने शपथेवर सांगितलं की मी यांना मिठाचा कणसुद्धा देत नाही. किताहाराबाईंनी योशिमात्सुकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

कियोनोला कळायचं ते कळलं. तशीच गमबूट चढवून ती शेजारी गेली आणि गेन्पेईच्या बायकोला, मासुएला, दारातच धरलं.

"माझ्या आजारी माणसाला पाला चारतेस? वरून सोया सॉस ओतून?"

मासुए काही नमतं घेणारी नव्हती. "बर्फातून काठी टेकत माणूस माझ्या दारी येतो, त्याला कोरडा चहा देऊ? बस म्हणू आणि तोंड बांधून बस म्हणू?"

"त्याला पथ्य आहे, माहीत नाही तुला?"

"माहीत आहे. त्यानेच सांगितलं. तुझ्या घरी त्याला शिक्षा केलेल्या पोरासारखं कोपऱ्यात बसवून जेवायला घालतात, हेही सांगितलं. पहिल्या दिवशी पाला तोंडात घातला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कियोनो. मग मी वाडगा मागे ओढणार होते होय?"

 कियोनो परत आली आणि नवऱ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. रागापेक्षा लाज जास्त होती, पण लाज वाटली की कियोनोला रागच यायचा.

त्याच आठवड्यात किताहाराबाई एक लहानसं यंत्र घेऊन आळीत आल्या. प्रत्येक घरच्या सारात ते बुडवायचं आणि त्यात मीठ किती ते काटा दाखवायचा. बायकांना मोठी गंमत वाटली. एकमेकींचे काटे बघायला सगळ्या जमल्या. कियोनोने आपलं मोठं पातेलं ऐटीत पुढे केलं. काटा आळीत कुणाच्याच घरी गेला नव्हता इतका पुढे गेला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे सार तुम्ही तिघं रोज पिता?" किताहाराबाईंनी विचारलं.

"पितो की. आम्हाला काय धाड भरलीये? आम्ही ठणठणीत आहोत."

"काकासुद्धा सफरचंदं उतरवेपर्यंत ठणठणीतच होते," किताहाराबाई शांतपणे म्हणाल्या.

कियोनोने त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

वर्ष संपत आलं तशी तिची मोठी नणंद तोयो राहायला आली. तोयोचं सासर खालच्या गावात, पण नवरा गेल्यापासून नवं वर्ष ती भावाच्या घरी करायची. सत्तरीची, कंबरेत वाकलेली, पण जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट. आल्या आल्या तिने भावाचं वेगळं ताट पाहिलं, मोठं पातेलं पाहिलं, आणि काही बोलली नाही. कियोनोला वाटलं, आपल्या बाजूचं माणूस आलं. दुसऱ्या दिवशी दोघी नव्या वर्षाच्या जेवणासाठी मुळे सोलत बसल्या असताना तिने सगळी कैफियत मांडली. ती दीडशहाणी परिचारिका, ते यंत्र, ती मासुए. शेवटी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच सांगा. घरात एक आजारी आहे म्हणून तीन चांगल्या माणसांनी पण पाणचट गिळायचं का?"

तोयोने हातातला मुळा खाली ठेवला.

"तुझं सार खारट आहे, कियोनो. माझंही होतं. तुझ्या सासूकडूनच, माझ्या आईकडून, शिकले मी. आमचे हे न्हाणीघरात पडले तेव्हा वर्षाचे शेवटचे दिवस होते. मयताला आलेल्या लोकांना जेवायला घालायचं म्हणून मी उठले. ह्यांना जे रोज घालत होते तेच लोकांना घातलं. तोच पाला, तेच सार, तोच खारा मासा. लोक मिटक्या मारत जेवले. म्हणाले, तोयो, एवढ्या दुःखातसुद्धा तुझ्या हाताची चव हलली नाही. मला अभिमान वाटला, बघ. माणूस आत पडलाय आणि मला चवीचा अभिमान वाटला."

 तोयो थांबली नाही.

"तू योशीचं पातेलं वेगळं केलंस आणि समजलीस की पथ्य झालं. त्याचा अर्थ त्याला काय कळला असेल? की खरं जेवण त्या मोठ्या पातेल्यात आहे, आणि आपण आता त्या घरातले नाही. माणूस अशा पथ्याला टिकत नाही गं. तो शेजारी जातो. आणि तुझं मोठं पातेलं तात्सुओला त्याच वाटेने नेतंय, ते वेगळंच. त्याचा रक्तदाब कधी पाहिलायस?"

"तात्सुओ अजून चाळिशीचासुद्धा नाही, वन्सं."

"मग पाहायला काय जातंय?"

तात्सुओ हसतच गेला. आईच्या आणि आत्याच्या समाधानासाठी जातो म्हणाला. परत आला तेव्हा हसत नव्हता. त्याने बूट काढले, टेबलाशी येऊन बसला आणि साचिएला म्हणाला, माझा बाबांपेक्षा फार कमी नाही.

त्या संध्याकाळी कियोनोने लहान पातेलं धुऊन, पुसून, फडताळात वर ठेवून दिलं. वर्षाचं शेवटचं जेवण जवळ आलं होतं, आणि ते सगळ्यांचं एकाच पातेल्यातलं होईल, असं तिने घरात जाहीर केलं. एकदा ठरवलं की कियोनो मागे वळणाऱ्यातली नव्हती.

ठरवणं सोपं होतं. पहिल्या दिवशी तिने सगळ्यात मीठ निम्मं टाकलं आणि जेवण साफ पडलं. साचिए कधी सासूला उलटून बोलायची नाही, पण तिनेही हळूच सांगितलं की आई, हे इस्पितळातल्यासारखं लागतंय. तात्सुओने टेबलाखालून सोया सॉसची बाटली काढली. योशिमात्सु एकटाच काही न बोलता जेवला. त्याला त्याची सवय झाली होती, आणि ते पाहून कियोनोला आतून काहीतरी टोचलं. इतके दिवस आपण यांना हे खायला घातलं.

तेव्हा ती किताहाराबाईंकडे गेली. चहा न विचारल्याबद्दल माफी मागितली आणि म्हणाली, मीठ काढलं की चव जाते, मग तिथे घालायचं काय? किताहाराबाईंनी मोकळेपणाने सांगितलं की काटा मला वाचता येतो, स्वयंपाक मात्र तुम्हाला येतो, तो तुम्हीच शोधा. वर एवढं म्हणाल्या की सगळंच फिकं करू नका, ताटात एक पदार्थ नीट खारा असला तर बाकीचे फिके वाटत नाहीत.

हे वाक्य कियोनोला पुरलं. ती सुगरण होती, आणि सुगरणीला अडचण सांगितली की तिचे हात चालू लागतात. तिने सुकवलेली बारीक मासळी रात्रभर पाण्यात ठेवली, डोकी आणि पोटं काढून, म्हणजे कडूपणा उतरणार नाही. वाळवलेल्या अळंब्यांचं भिजवणीचं पाणी ती आजवर अर्धं टाकून द्यायची, ते आता तिने सगळं वापरलं. साराचा आधार असा दाट झाल्यावर मिसो निम्म्यावर आला तरी जिभेला काही हरवल्यासारखं वाटेना. त्यात तिने भाज्या इतक्या घातल्या की वाटीत पाणी कमी आणि मुळा, गाजर, बटाटा, कांद्याची पात जास्त. पालकाला अक्रोड वाटून लावला. मुळ्या-गाजराच्या किसाला शिरका आणि आल्याचा रस. साचिएही हळूहळू यात शिरली. चाखणं तिच्याकडे आलं, आणि सासूबाईंना बरं-वाईट तोंडावर सांगण्याची मुभा तिला त्या घरात पहिल्यांदा मिळाली. दोघी चुलीपाशी इतकं बोलायला लागल्या की तोयो म्हणाली, तुम्ही बोला, भात मी बघते.

खरा प्रश्न माशाचा होता. वर्षाच्या शेवटच्या जेवणाला आमच्याकडे खारवलेला बुरी मासा लागतो. तो समुद्रावरून डोंगर ओलांडून येतो, मिठात पुरलेला. नव्या वर्षाबरोबर सगळ्यांचंच वय एका वर्षाने वाढतं, आणि या माशाशिवाय ते वाढत नाही, असं आमची माणसं मानतात. तो टाळायचा विचार कियोनोच्या मनातही आला नाही. तिने तुकडे अगदी कमी मिठाच्या पाण्यात भिजत ठेवले. साध्या पाण्यात चवही निघून जाते, अशा पाण्यात जास्तीचं मीठ तेवढं हळूहळू सुटतं. मग ते कोरडे करून निखाऱ्यावर भाजले आणि वर युझू लिंबू पिळलं. ताटातला खारा पदार्थ हा एकच. पाला ठेवला, पण प्रत्येकाला छोट्या बशीत, धुऊन, पिळून, तीळ घालून.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी पाच जणं एका टेबलाशी बसली. योशिमात्सु सवयीने खिडकीकडे निघाला होता. कियोनोने त्याची उशी टेबलाशी, घरच्या मुख्य माणसाच्या जागी टाकली आणि म्हणाली, "अहो, इकडे बसा."

त्याने वाटीकडे पाहिलं, मग इतरांच्या वाट्यांकडे. "माझं कुठलं?"

"सगळ्यांचं तेच तुमचं. वेगळं काही केलेलं नाही."

"म्हणजे मी हे खायचं? हा मासा?"

"खायचा. तात्सुओनेही हाच खायचा, आणि मीही."

त्याने डाव्या हाताने वाटी उचलली. वाफ तोंडावर घेतली. मग सार प्यायला, माशाचा तुकडा तोडला, भात खाल्ला.  साचिए सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती, कियोनो मुद्दाम बघत नव्हती. तात्सुओचा हात सवयीने सोया सॉसच्या बाटलीकडे गेला, तेव्हा योशिमात्सु म्हणाला, "आधी चाखून बघ. मग घे, हवी तर."

तात्सुओने चाखलं. थोडा वेळ चावत राहिला आणि बाटली होती तिथे राहू दिली. "मासा माशासारखा लागतोय," तो म्हणाला. "आजपर्यंत फक्त खारा लागायचा."

तोयो हसली. योशिमात्सुने भाताचा वाडगा पुन्हा पुढे केला. इस्पितळातून आल्यापासून त्याने भात दुसऱ्यांदा मागितला नव्हता. कियोनोने तो काठोकाठ भरला.

घरातलं एवढं जमलं. आता आळी उरली होती. नव्या वर्षात आळीतल्या सगळ्या बायका-पुरुष एकेका घरी चहाला जमतात, आणि कियोनोकडचा चहा म्हणजे पाल्याचा डोंगर, असा आजवरचा शिरस्ता. मंडळी आली, रजईत पाय घालून बसली आणि टेबलावर शोधू लागली. प्रत्येकापुढे पाल्याची एकेक लहान बशी. बाजूला वाफवलेला भोपळा, अक्रोड लावलेला पालक, सफरचंदाच्या फोडी.

"कियोनो, यंदा पाला आला नाही की तू चिक्कू झालीस?" गेन्पेईने सुरुवात केली.

"किताहाराबाईंचा काटा लागला हिला," दुसरी कुणी म्हणाली, आणि हशा पिकला.

पूर्वीची कियोनो लाजेने लाल होऊन चिडली असती. आता तिने शांतपणे सगळ्यांना चहा ओतला. "पाला भरपूर आहे, पिंपात आहे," ती म्हणाली. "मागाल तर देईनही. पण मी आता आपणहून कुणाच्या बशीत वाढणार नाही. माझ्या घरी चहाला आलेला माणूस पुढच्या वर्षीही चहाला यावा, एवढंच मला वाटतं."

हशा थांबला. त्या खोलीत असं एकही माणूस नव्हतं, ज्याच्या घरची एखादी जागा अशी एकाएकी मोकळी झाली नव्हती.

मग योशिमात्सु बोलला. लोकांपुढे बोलायची त्याला सवय नव्हती, आणि झटक्यानंतर शब्द जरा अडखळायचे. तो गेन्पेईला म्हणाला, "तुझ्याकडे मी पाल्यासाठी येत होतो, असं मासुएला वाटलं. पाला आवडायचाच. पण खरं म्हणजे चार माणसांत बसून खायला मिळायचं, म्हणून यायचो. आता घरी तसं मिळतं. तुझ्याकडेही येईन, पण मला नुसता चहा पुरेल."

 मासुएने पालकाची बशी जवळ ओढली, एक घास खाल्ला आणि कियोनोला विचारलं की अक्रोड भाजून वाटलास की कच्चा. कियोनोने सांगितलं. दोघींचं भांडण तिथेच मिटलं. भाजताना जळू कसा द्यायचा नाही यावर त्या बराच वेळ बोलत राहिल्या, आणि बाकीच्या बायका कान देऊन ऐकत होत्या.

चमत्कार झाला नाही. योशिमात्सुचा उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही, आणि आळीतल्या काही म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत पाल्यावर सोया सॉस ओतलाच. पण दुसरा झटका आला नाही. योशिमात्सु पुढे बरीच वर्षं बागेत खुर्ची टाकून तात्सुओला झाडांची छाटणी शिकवत राहिला. तात्सुओचा रक्तदाब उन्हाळ्यापर्यंत खाली आला. किताहाराबाईंनी पुढच्या हिवाळ्यात बायकांचे स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले, तेव्हा शिकवायला त्यांनी कियोनोला उभं केलं. ती प्रत्येक वर्गात पहिलं वाक्य हेच सांगायची की माझं सार या आळीत सगळ्यांत खारट होतं. मग पुढचं सगळं अभिमानाने सांगायची.

आता हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी पथ्यावर असतं. कुणाला मीठ वर्ज्य, कुणाला साखर, कुणाला तूप. आपण त्याच्यासाठी वेगळं शिजवतो आणि कर्तव्य केल्याचं समाधान मानतो. सणाच्या दिवशी घर गोडाधोडाने घमघमतं आणि तो माणूस कोपऱ्यात बेचव काहीतरी चिवडत बसतो. त्याला आजारापेक्षा हे एकटेपण जास्त खातं. शिवाय त्याला बाधलं तेच आपण बाकीच्यांना आग्रहाने वाढत राहतो, मुलांनासुद्धा, आणि त्या आग्रहाला माया म्हणतो.

सण सोडू नका, सणाचे पदार्थही सोडू नका. फक्त ते असे करा की घरातल्या सगळ्यांत नाजूक माणसालाही ते चालतील, आणि मग सगळ्यांनी मिळून तेच खा. आधी काही दिवस जीभ कुरकुरेल. जिभेला नवी सवय लागायला फार वेळ लागत नाही. माणसाला मात्र स्वतःच्याच घरात परकं होण्याची सवय कधीच लागू देऊ नका.